कागदाच्या लगद्याला क्लोरीन बंद, ऑक्सिजन सक्तीचा: पटतं का?

नदीकाठचा:
बांबू-लाकूड शिजवल्यावर लगद्यात उरलेलं लिग्निन (लाकडाचे तंतू चिकटवून ठेवणारा पदार्थ) त्याला तपकिरी ठेवतं. जुन्या पद्धतीत त्यावर क्लोरीन वायू सोडायचा, मग कॉस्टिक सोड्यानं धुवायचं. त्या धुण्यात क्लोरीन चिकटलेलं लिग्निन येतं, थोडं डायॉक्सिन हे विषही. हे पाणी रिकव्हरी बॉयलरला, म्हणजे शिजवण्याचा द्राव जाळून रसायनं परत मिळवणाऱ्या बॉयलरला, देता येत नाही, क्लोराइडनं बॉयलर गंजतो. मग ते नाल्यात. ऑक्सिजनचं तसं नाही. अल्कली घातलेल्या लगद्यात दाबाखाली, शंभरेक अंशांवर ऑक्सिजन सोडला की उरलेलं जवळपास निम्मं लिग्निन सुटतं, आणि ते धुणं शिजवण्यातून उरलेल्या काळ्या द्रावासोबत बॉयलरमध्ये जळतं. दक्षिण आफ्रिकेत १९७० पासून हे मोठ्या प्रमाणावर होतंय. उन्हाळ्यात वर्धा नदीला पाणी असतं किती? सगळ्यांनाच सक्ती करा.

कुटारवाला:
भाऊ, सक्ती म्हणनं सोपं हाये. गव्हाच्या काडावर चालनाऱ्या लहान मिलीत रिकव्हरी बॉयलर असतोच असं नाही. काडात सिलिका, म्हंजे वाळूतलं खनिज, भरपूर, द्राव आटवता आटवता नळ्या चोंदतात. बॉयलरच नाही तर तुमचं ऑक्सिजनचं धुणं जाईन कुठं? त्याच नाल्यात! आन् निम्म्याच्या पुढं रेटलं तर सेल्युलोज, म्हंजे कागदाचा तंतूच, तुटते, कागद फाटका. म्हनून तं मॅग्नेशियम सल्फेट टाका लागते.

नदीकाठचा:
बॉयलर नसलेल्या मिलीचा काळा द्राव हाच मोठा रोग आहे, ब्लीचिंग नंतरचं. त्यांच्याकडे बोट दाखवून मोठ्या मिलींना सूट कशाला?

वेळूबन:
दोघंही जुन्याच शत्रूशी भांडताय. तुलना क्लोरीन वायूशी नको, क्लोरीन डायऑक्साइडशी करा. त्यानं डायॉक्सिन जवळजवळ नाहीसं होतं, ऑक्सिजन टप्पा नसला तरी. आणि शुभ्रपणा ऑक्सिजन एकटा देतच नाही, पुढं क्लोरीन डायऑक्साइड किंवा पेरॉक्साइड लागतंच. फायदा एवढाच की आधी निम्मं लिग्निन गेल्यानं ही रसायनं कमी लागतात. फायदा खरा आहे, पण मोठं भांडवल घालायला परवडणाऱ्यालाच. सक्ती करायची तर क्लोरीन वायूवर बंदी घाला आणि टनामागे नाल्यात किती सोडता त्यावर मर्यादा. पद्धत मिलवाला ठरवील.

कुटारवाला:
हे पटलं. पन मोजनार कोन? नमुना घ्यायचा दिवस मिलीले आधीच कळते.

नदीकाठचा:
म्हणून तर यंत्र पाहिजे म्हणतो. ऑक्सिजनचा रिअॅक्टर उभा आहे की नाही हे कोणालाही दिसतं, नमुन्याची बाटली कुठं भरली ते दिसत नाही.

वेळूबन:
रिअॅक्टर उभा असणं वेगळं आणि चालू असणं वेगळं, भाऊ.