अमर, अजर, चिरंजीव... नेमका फरक काय?

पोरांबरोबर टक एव्हरलास्टिंग बघितला, डिस्नीचा सिनेमा, २००२ चा. जंगलातल्या झऱ्याचं पाणी पिऊन अख्खं टक कुटुंब मरायचंच थांबतं, वयही वाढत नाही, धाकटा जेसी दिसतो सतरा वर्षांचा आणि असतो १०४ चा. लेकीने विचारलं, म्हणजे हे चिरंजीव का? आता चि. तर आपण प्रत्येक पत्रिकेत छापतो. मग यांना काय म्हणायचं?

—
चिर म्हणजे पुष्कळ काळ, कायमचं नव्हे. म्हणून चि. हा आशीर्वाद म्हणून चालतो, बाबा रे भरपूर जग, एवढंच. 'आमचे चिरंजीव' म्हटलं की मात्र नुसता मुलगा, आणि तोही बहुतेक काहीतरी उपद्व्याप करून ठेवलेला :)

—
अजर आणि अमर वेगळे धरा. ग्रीकांच्या टिथोनसची गोष्ट आहे ना, पहाटेच्या देवीने त्याच्यासाठी अमरत्व मागून घेतलं आणि तारुण्य मागायचं राहिलं, मग तो म्हातारा होत होत पार चिमला. तो अमर, पण अजर नाही. टक मंडळी दोन्ही, म्हणजे शब्दशः अजरामर. पण अजरामर आपण नाटकाला, गाण्याला म्हणतो, जित्या माणसाला कोण म्हणतंय? आणि 'अमर रहे' तर माणूस गेल्यावरच ओरडतात.

—
अमरपट्टा विसरलात. पट्टा म्हणजे सनद, जमिनीचा असतो तसा. गंमत म्हणजे हा शब्द कायम नकारातच येतो, 'कोणी अमरपट्टा घेऊन आलंय का' वगैरे. टकांना तो न मागता मिळाला आणि परत करायची सोय नाही. थोरल्या माइल्सची बायको, याने सैतानाला आत्मा विकला असं समजून मुलांना घेऊन निघून गेली, आणि हा तसाच तरुण.

—
आपल्याकडे अश्वत्थामा आहे की. कृष्णाचा शाप, तीन हजार वर्षं एकट्याने भटकायचं, अंगाला रक्तापुवाचा वास. नर्मदेकाठी अजून जखमेला तेल मागत फिरतो म्हणतात. आणि सात चिरंजीवांच्या श्लोकात पहिलं नाव याचंच! वाढदिवसाला तो श्लोक म्हणायची पद्धत आहे, पुढे आठवं नाव मार्कंडेयाचं, आणि या सगळ्यांचं स्मरण केल्यावर फळ काय, तर शंभर वर्षं आयुष्य. चिरंजीवांकडूनसुद्धा मागणी शंभराचीच, त्यापुढे कोणी बोलत नाही.

—
हे भारी आहे. पण लेकीला काय सांगू?

—
'न मरणारी माणसं' म्हणा, कळतं. नाहीतर जेसीच्या बापाचाच शब्द घ्या, तळ्यात होडीत बसून तो विनीला, म्हणजे टकांना भेटलेल्या त्या मुलीला, सांगतो ना की आम्ही प्रवाहाच्या कडेला दगडासारखे अडकून पडलोय. अडकलेले. माझ्या मते चिरंजीवपेक्षा तोच बरोबर बसतो. आणि लेक लहान असेल तर १९७५ ची मूळ कादंबरी वाचून दाखवा, त्यात विनी दहा वर्षांची आहे, सिनेमात उगाच पंधराची करून प्रेमप्रकरण वाढवलंय.