नॉटिंगहॅमच्या जुन्या पबात न पिणाऱ्या बाईनं काय करायचं?

रावपुऱ्याची सून

सप्टेंबरात मुलाकडे नॉटिंगहॅमला जातोय, पहिल्यांदाच. ह्यांची सगळी नोकरी दारूबंदीच्या बडोद्यात गेली, पिण्याच्या परवान्याच्या भानगडीत कधी पडले नाहीत. दमणला गेलो की एखादी बिअर, तीही खोलीचं दार लावून. आता मुलगा म्हणतो, बाबांना शेकडो वर्षं जुन्या पबात नेतो आणि 'रिअल एल' पाजतो. ह्यांना इतका उत्साह, की जायला दोन महिने असताना स्वेटर उन्हात घालून झालाय.

प्रश्न माझा आहे. मी घेत नाही. आम्ही दोघंही अंडंसुद्धा खात नाही. तिथं न पिता नुसतं बसलेलं चालतं का? साडीत गेले तर बघत राहतील का? आणि ही रिअल एल म्हणजे साध्या बिअरहून वेगळं काय? मुलाला विचारलं तर "आई, चिल" म्हणतो.

फतेगंजचा भाचा

काकू, काकांना एवढंच सांगा की तिथं दार लावायचं नसतं.

मांडवीची मावशी

भाचा, गप्प बस. सूनबाई, तीन वर्षांपूर्वी ह्याच गावात, ह्याच काळजीत मी होते. मुलगी-जावई तिथं राहतात. मीही घेत नाही (घेत नव्हते म्हणू या, पुढे वाच).

जावयानं नेलं ते किल्ल्याच्या कड्याला चिकटलेल्या 'ये ओल्ड ट्रिप टु जेरुसलेम' पबात. भिंतीवर मोठ्या आकड्यांत 1189 रंगवलंय. मी हात जोडायचीच बाकी होते. मग जावई हळूच म्हणाला, आजची इमारत सतराव्या शतकाच्या आसपासची आहे, आणि ह्याच गावात आणखी दोन पब "आम्हीच सगळ्यांत जुने" म्हणून भांडतात. म्हणजे आपल्याकडच्या 'असली आणि जुनी' पाट्यांसारखंच. पण मागच्या खोल्या खरोखरच खडकात कोरलेल्या आहेत. वालुकाश्म, हात लावला तर रेती बोटाला लागते. एका खोलीत धुळीनं माखलेलं जुनं, खेळण्याएवढं गलबत आहे. जे ते पुसायला गेले ते मेले, अशी गोष्ट सांगतात, म्हणून कोणी फडकं लावत नाही. दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी हे कारण आपल्यालाही वापरता येईल.

आता माझी फजिती. जावई गाडी लावायला गेला, मुलगी नातवाला घेऊन बाथरूमला. मी आपली टेबल धरून बसले. पंधरा-वीस मिनिटं कोणी पाणीसुद्धा विचारेना. मनात म्हटलं, साडी बघून टाळतायत. प्रकार असा की पबात टेबलाशी कोणी येतच नाही, आपण बारशी जायचं, मागायचं, तिथंच पैसे द्यायचे आणि ग्लास आपणच उचलून आणायचा. सेव-उसळवाल्याकडे करतो तसंच! रांग दिसत नाही, पण कोण आधी आलं ते बारवरच्या माणसाला बरोबर ठाऊक असतं, म्हणून नोटा हलवायच्या नाहीत. मी गेले तर बारमागची पोरगी म्हणाली, "येस, मी डक?" डक म्हणजे बदक! मी मुलीकडे तक्रार केली, तर ती हसून लोळायचीच बाकी. त्या भागात प्रेमानं असंच म्हणतात गं, "बाळा" म्हणावं तसं. साडीकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. एका म्हाताऱ्यानं फक्त शेजारच्या खुर्चीवरून कुत्र्याला उठवून मला जागा करून दिली.

रिअल एलबद्दल. एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय, तेव्हा थोडं सहन कर. कारखान्याची बिअर गाळून, बहुधा तापवून, यीस्ट मारून किंवा काढून टाकून येते, आणि फेसासाठी वरून गॅस भरतात. एल मात्र पिंपात जिवंत यीस्टसकट येते, तळघरात ठेवतात, तिथंच शेवटचं आंबणं होतं आणि तिचा मंद फेस तिचाच. ढोकळ्याच्या आथ्याचं आणि इन्स्टंट पाकिटाचं जे नातं तेच हे. पिंपाला तोटी ठोकली की हवा आत जाते, म्हणून तीनेक दिवसांत संपवावी लागते, नाहीतर आंबट होते. आपल्या ताकासारखीच. बारवर लाकडी मुठीचे उंच दांडे दिसतील, ते ओढून तळघरातून उपसतात, अगदी हातपंपासारखं.

तुझ्या ह्यांना सांग, ती गार नसते. "गरम बिअर" म्हणून सगळे नाकं मुरडतात, पण गरम नाही, 11 ते 13 अंश. फ्रिजच्या पाण्यात आणि माठाच्या पाण्यात जो फरक तो. बर्फगार केलं की जिभेला चवच कळत नाही. हे मला कसं माहीत? जावयाच्या ग्लासातून दोन घोट घेतले. कडसर, मग भाजलेल्या पावाच्या कडेसारखी, मग काहीतरी संत्र्याच्या सालीसारखं. आमच्या ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

मी स्वतः सोडा-लिंबू प्यायले, दोन तास बसले. शाकाहारी म्हणशील तर चीज, पाव आणि 'पिकल' असलेलं प्लाउमन्स लंच बरं पडतं. मात्र ते पिकल म्हणजे लोणचं नव्हे, तपकिरी गोड-आंबट मुरंब्यासारखं काहीतरी. चिप्स मागवण्याआधी तेल विचार, काही ठिकाणी बीफच्या चरबीत तळतात.

आणि अंडंसुद्धा नाही म्हणालीस म्हणून सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. एल नितळ करायला पिंपात आयसिंग्लास घालतात. ते माशाच्या फुग्यापासून, म्हणजे पोहताना त्याच्या पोटात हवा धरणाऱ्या पिशवीपासून काढतात. त्यावर धन विद्युतभार असतो, यीस्टवर ऋण, म्हणून दोघं चिकटून तळाशी बसतात. ग्लासात ते जवळजवळ येत नाही, पण पिंपात असतं.

दादा शेफिल्डवाला

मूळचा बडोद्याच्या वाडीचा, अकरा वर्षं इथं. मावशींनी बहुतेक सगळं सांगितलंय. आयसिंग्लासवर उपाय आहे. हल्ली बरेच छोटे कारखाने ते न घालताच एल पाठवतात. 'अनफाइन्ड' आहे का, हे बारवर सरळ विचारा. ग्लास गढूळ दिसेल, पण ती खराब नसते. कोणती घ्यावी कळेना तर चमचाभर चाखायला मागता येते, त्याचे पैसे घेत नाहीत. दांड्यावरची पट्टी उलटी फिरवलेली असेल तर ते पिंप संपलेलं आहे, मागू नका.

काकांना हाफ घ्यायला सांगा, 284 मिली. पूर्ण पाइंट 568 चा, आणि मुलाचे मित्र असले की एकेकाच्या 'राउंड' सुरू होतात. ज्यानं घेतलं त्यानं परत सगळ्यांना पाजायचं. चार मित्र म्हणजे चार पाइंट, साधारण 4 टक्क्यांचे असले तरी उठताना कळतं. पहिल्या राउंडलाच "मी माझं माझं घेतो" म्हटलेलं चालतं, तिसऱ्या राउंडला म्हटलं तर लोक लक्षात ठेवतात.

एक गंमत काकांसाठी. ही एल जवळपास मेलीच होती. 1971 मध्ये चार जणांनी तिच्यासाठी चळवळ सुरू केली, तीच कॅम्रा. 'रिअल एल' हा शब्दही त्यांनीच रुजवला. पेयासाठी संघटना काढणारी माणसं! आपल्याकडे चहासाठीही कुणी काढली नाही.

फतेगंजचा भाचा

आपल्याकडे उलट बाजूची निघेल, दादा. ती लगेच रजिस्टर पण होईल.

रावपुऱ्याची सून

सगळ्यांचे आभार. मावशी, तुमचे दोन घोट इथंच राहतील.

हे सगळं ह्यांना चहाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवलं. आथ्यापर्यंत मान डोलवत होते. माशाच्या फुग्याशी आल्यावर कप खाली ठेवला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तुला कुणी विचारलं होतं?" आणि उठून आत गेले.

आज सकाळी स्वेटर घडी करायला घेतला तर खिशात चिठ्ठी सापडली. त्यांच्या नेटक्या अक्षरात, मराठीत: "अनफाइन्ड. हाफ."