मदत हवी आहे: झिजलेले टाक नवे करताना जुन्यांचं काय करायचं?

आमच्या देवघरात खंडोबा-म्हाळसा, तुळजाभवानी आणि वीर (घराण्यात पूजला जाणारा पूर्वज) असे चांदीचे टाक, म्हणजे पत्र्यावर उठवलेल्या देवांच्या छोट्या प्रतिमा आहेत, पणजोबांच्या वेळचे. रोजच्या स्नानाने आणि सणावाराला चिंचेने घासून खंडोबाचा घोडा जेमतेम ओळखू येतो. भवानीच्या टाकाचा पत्रा तर कडेला फाटलाय, आतली लाख दिसते. चंपाषष्ठीच्या आत नवे करून जेजुरीला देवभेटीला न्यायचे आहेत.

सराफ म्हणतो, जुने मोडीत द्या, तयार टाक घेऊन जा. देव मोडीत घालायला मन धजत नाही, आणि तयार टाकांत आमच्यासारखा घोड्यावरचा वीर मिळाला नाही. गुरुजी नदीत विसर्जन करा म्हणतात. भावकीतल्या काकूंच्या मते तीच चांदी आटवून नव्या टाकांत घालायची असते, आणि मलाही ते पटतं. घरात आता विचारायला वडीलधारं कुणी नाही. खर्चाची अडचण नाही, फक्त कुळाचाराला धरून व्हायला हवं.

तुमच्याकडे आटवण्याआधी जुन्या टाकांची पूजा करून देवाची परवानगी कशी घेतात? आणि आपल्यासमोर तीच चांदी आटवून टाक घडवून देणारे कारागीर पुणे-सातारा भागात कुठे मिळतील?