सायकलवाल्याला पोलिसांनी अडवलं तर नेमका कुठला कायदा लागतो?

मांडवीकर:
रत्नागिरीत हॉटेलं, बेकऱ्या आणि मिरकरवाडा बंदरावर कामाला असलेली पुष्कळ माणसं रात्री उशिरा किंवा पहाटे सायकलने ये-जा करतात. त्यांच्यासाठी एका पानाचं माहितीपत्रक काढायचं आहे, घडी घालून खिशात राहील असं. त्यात पुढच्या गोष्टींची नेमकी उत्तरं हवी आहेत.

नाकाबंदीत थांबवलं तर कुठले कागद दाखवायचे? हेल्मेट नाही, डबलसीट आहे, एकेरी रस्त्यात उलट घुसला, दिवा नाही, यांतल्या कशाची पावती होऊ शकते? पोलिसाने हवा सोडली किंवा सायकल ठाण्यात जमा केली तर काय करायचं? आणि सायकल चोरीला गेल्यावर 'अर्ज देऊन जा' म्हणाले तर?

कलमं १ जुलै २०२४ नंतरची द्या. भादंवि ३७९ असं जुन्या दंड विधानातलं चोरीचं कलम छापलं तर ठाण्यात पत्रकालाच हसतील.

काळा कोट:
सगळा घोळ एका व्याख्येत आहे, ती आधी पत्रकात टाका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २(२८): मोटार वाहन म्हणजे यांत्रिक शक्तीने चालणारं वाहन. पायडलची सायकल त्यात बसत नाही. त्यामुळे परवाना, नोंदणी, विमा, पीयूसी, हेल्मेट (कलम १२९), डबल-ट्रिपल सीट (कलम १२८), दारू पिऊन चालवणं (कलम १८५) यांतलं एकही कलम सायकलला लागत नाही. ई-चलान वाहनाच्या नोंदणी क्रमांकावर फाडतात, सायकलला तो क्रमांकच नाही. सायकलकराचा नगरपालिकेचा पितळी बिल्ला होता तेव्हाची गोष्ट वेगळी.

पण एवढ्यावर 'सायकलला कायदाच नाही' असं कुणी समजू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मध्ये 'वाहन' या शब्दाच्या व्याख्येत सायकल आणि तीनचाकी सायकल नाव घेऊन आहे. म्हणून डावी बाजू सोडून चालवणं (कलम ९९) आणि रस्त्यात अडथळा करणं (कलम १०२) हे सायकलवाल्यालाही लागतं. कलम ३३ खाली वाहतुकीचे नियम करता येतात, त्यात वाहनाला दिवे किती, कुठे आणि कोणत्या वेळात लावायचे तेही येतं. त्याशिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, बेदरकारपणे वाहन चालवणं. तिथे 'कोणतंही वाहन' असा शब्द आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. उतारावरून सुसाट येऊन म्हातारीला पाडलं तर सायकल आहे म्हणून सुटका नाही.

एकेरी रस्त्याचं उत्तर अधिसूचनेत सापडेल. नुसती मोटार वाहन कायदा कलम ११५ खाली काढलेली असेल तर ती मोटार वाहनांपुरती. पोलीस अधिनियम कलम ३३ चाही आधार असेल आणि मजकुरात 'सर्व प्रकारची वाहने' असेल, तर सायकल त्यात आली. अधिसूचना काढतं कोण? नवी मुंबई, ठाणे, मीरा-भाईंदर-वसई-विरार इथे पोलीस आयुक्तालय. रत्नागिरी, सिंधुदुर्गात आयुक्तालय नाही, म्हणून जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारीच. प्रत मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. 'शहरातील सर्व वाहतूक अधिसूचना' असं मोघम लिहू नका, रस्त्याचं नाव घाला. नाहीतर उत्तर येतं की माहिती विस्तृत आहे, येऊन पाहून जा.

दंडाबद्दल. रस्त्यावर तडजोड शुल्क घेऊन पावती देण्याची सोय मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये आहे, ती त्याच कायद्यातल्या गुन्ह्यांना. पोलीस अधिनियमाखालच्या गुन्ह्याचा दंड दंडाधिकारी ठरवतो. म्हणून पत्रकात एकच ओळ मोठ्या अक्षरात: पावतीशिवाय पैसे नाहीत, आणि पावतीवर कलम वाचल्याशिवाय सही नाही.

हवा सोडण्याचा अधिकार कुठल्याच कायद्यात नाही. चाकातलीही नाही आणि माणसाचीही नाही.

जमा करण्याचं असं आहे की मोटार वाहन कायद्याचं कलम २०७ सायकलला लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६ लागतं, पण त्यासाठी वस्तू चोरीची असल्याचा किंवा गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय पाहिजे. जप्ती झाली तर पंचनामा होतो आणि कलम १०५ प्रमाणे तिचं दृक्-श्राव्य चित्रीकरण करायचं असतं. सोडवायला दंडाधिकाऱ्यांकडे कलम ५०३ खाली अर्ज, मग सुपुर्दनाम्यावर (मागाल तेव्हा हजर करीन अशी लेखी हमी) सायकल मिळते. ही कागदपत्रं झालीच नसतील, तर ती जप्ती नव्हे, नुसती अडवून ठेवलेली सायकल. अशा वेळी ठाणे अंमलदाराला शांतपणे विचारायचं, 'साहेब, स्टेशन डायरीला नोंद कितीची आहे?' बऱ्याचदा एवढ्यावर सायकल बाहेर येते.

निवृत्त फौजदार:
वकीलसाहेबांनी कलमं बरोबर दिली आहेत, पण नाक्यावर उभ्या शिपायाच्या डोक्यात काय असतं तेही पत्रकात येऊ द्या. तिथेच निम्मी भांडणं टळतात.

रात्री दोनला कॅरियरवर गोणी घेऊन बिनदिव्याची सायकल आली की शिपाई वाहतुकीचा विचारच करत नाही. त्याच्या डोक्यात पोलीस अधिनियमाचं कलम १२४ असतं: जवळच्या मालाचा समाधानकारक खुलासा न देता येणं. भंगार, तांब्याची तार, बोटीचं इंजिन सामान, आंब्याच्या दिवसांत बागेतला माल, हे सगळं किनाऱ्यावर सायकलवरूनच हलतं. म्हणून गोणीत काय, कुठून आणली, कुठे चालली, या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं द्यावीत. मालकाचा फोन नंबर कागदावर लिहिलेला असावा, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपलेली असते. हॉटेलमालकाने कामगाराला नाव, कामाची वेळ आणि शिक्का असं साधं पत्र दिलं तर फार उपयोग होतो. आधारची झेरॉक्स पुरे, मूळ कार्ड कुणाच्या हातात देऊ नये.

थांबा म्हटलं की थांबायचं. पोलीस अधिनियम कलम ६८ आणि नागरिक सुरक्षा संहिता कलम १७२ प्रमाणे पोलिसाची कायदेशीर सूचना पाळणं बंधनकारक आहे. न थांबता पायडल मारलं तर मूळ विषय राहतो बाजूला आणि सरकारी कामात अडथळ्याचं कलम येतं (न्याय संहिता २२१). हात लावला तर १३२, ते अजामीनपात्र आहे.

आणि एक स्पष्टच लिहितो. हेल्मेट, चष्मा आणि दहा हजारांची सायकल असलेल्याला 'सर, जरा बाजूने चालवा' म्हणतात. लुंगी नेसलेल्या खलाशाला 'ए, उतर' म्हणतात. कायदा दोघांना एकच आहे. पत्रकाची गरज दुसऱ्याला जास्त आहे, तेव्हा ते हिंदी आणि नेपाळीतही छापा. बागांतले राखणदार आणि बोटींवरचे कितीतरी खलाशी मराठी वाचत नाहीत.

तारकर्ली नाका:
फौजदारकाका, पटला. नाक्यावर कलमा सांगत झगडूक जाव नका, दुसऱ्या दिवशी अर्ज करा. नाक्याचं ठिकाण, वेळ, पोलिसाच्या छातीवरची नावाची पट्टी, पोलीस गाडीचा नंबर, एवढं टिपलं की अर्जाला वजन येतं. अर्ज पोलीस अधीक्षकांच्या नावाने द्यायचा आणि आवक शिक्का मारलेली प्रत घ्यायची.

व्हिडिओ घेऊ का, हेही लोक विचारतात. पोलीस ठाणं हे शासकीय गोपनीयता कायद्याखालचं 'निषिद्ध ठिकाण' नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. तरी मोबाइल तोंडासमोर नाचवू नये.

पाना-पक्कड:
दिव्याबद्दल कुणी नीट लिहिलं नाही. सायकल अडवायला सगळ्यात सोपं कारण तेच असतं, आणि गाडीखाली जायलाही.

पुढे पांढरा, मागे लाल, आणि दोन्हीकडे त्याच रंगाचे रिफ्लेक्टर. पायडलचे पिवळे रिफ्लेक्टर काढू नका. ते वरखाली हलतात म्हणून मागच्या ड्रायव्हरला लांबूनच कळतं की पुढे सायकल आहे. आपल्याकडे दिवे बंद पडतात ते तीन कारणांनी. खारी हवा: बॅटरीच्या पत्र्यावर हिरवट थर चढतो. तो बारीक सँडपेपरने घासा आणि व्हॅसलीनचा पातळ हात द्या. यूएसबीचा दिवा असेल तर चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण सैल झालं की पहिल्याच पावसात दिवा गेला. दुसरं, टायरला घासणारा डायनॅमो पावसात घसरतो, ऐन अंधारात उजेड मिणमिणतो. पावसाळ्यात त्याच्या भरवशावर राहू नये. तिसरं म्हणजे दिवा चालू असून दिसतच नाही: सीटखाली बसवलेला असतो आणि रेनकोटची मागची झूल त्यावर पडते, किंवा कॅरियरवरचा मासळीचा क्रेट त्याला झाकतो. दिवा क्रेटच्या मागच्या पट्टीला बांधा. मडगार्डला लाल रिफ्लेक्टिव्ह टेप लावा, आधी जागा स्पिरिटने पुसून, नाहीतर आठवड्यात सुटते. जांभ्याचा लाल चिखल रिफ्लेक्टरवर बसला की तो असून नसल्यासारखा, घरी पोचल्यावर ओल्या फडक्याने पुसायचा.

हवा सोडली असेल तर नट, पिन आणि पिनवरचं रबर तिथेच शोधा. साध्या सायकलचा व्हॉल्व्ह नट फिरवला की पिनसकट बाहेर येतो, आणि रबर फाटलं असेल तर पंप मारून उपयोग नाही. रबराचा तुकडा आणि एक जादा पिन सीटखालच्या पिशवीत ठेवा.

सायकल उलटी करा: पायडलचा ॲक्सल ज्या नळीतून जातो तिच्या खालच्या बाजूला फ्रेम नंबर कोरलेला असतो. काहींना सीटच्या नळीवर असतो. गंजाने आणि रंगाने बुजतो, म्हणून आजच घासून फोटो काढा. दुकानदार बिलावर हा नंबर लिहीत नाहीत, मागून लिहून घ्यावा लागतो.

काळा कोट:
फ्रेम नंबर नसेल तर चोरीची तक्रार लंगडीच राहते.

आता 'अर्ज देऊन जा' बद्दल. साधी चोरी न्याय संहिता कलम ३०३. पण नवीन कायद्यात एक खाच आहे: माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे गुन्हा अदखलपात्र ठरतो. मग कलम १७४ खाली एनसी (अदखलपात्र नोंद) होते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही. कामगारांच्या जुन्या सायकली नेमक्या याच किमतीत बसतात. किंमत फुगवून लिहू नका. मात्र सायकलबरोबर गेलेलं सगळं मोजा: कुलूप, साखळी, दिवा, क्रेट, डब्याची पिशवी, रेनकोट. बेरीज ५,००० च्या वर गेली तर दखलपात्र. सायकल राहत्या घरातून किंवा गोदामातून गेली असेल तर न्याय संहितेचं कलम ३०५ लागतं, तिथे किमतीची अट नाही. अंगणातून गेली तर वाद होईल.

दखलपात्र असून नोंद घेतली नाही, तर नागरिक सुरक्षा संहिता कलम १७३(४): तक्रारीचा सारांश लेखी स्वरूपात टपालाने अधीक्षकांना. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही, कुठल्याही ठाण्यात नोंद होते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. आणि सेकंडहँड सायकल घेणाऱ्यांनी विकणाऱ्याचं नाव, तारीख, फ्रेम नंबर असलेली चिठ्ठी घ्यावी. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेतला तर न्याय संहितेचं कलम ३१७ आहे.

सागरी चाक:
बॅटरीच्या सायकलीचं काय? भाट्ये पुलावर हल्ली त्याच जास्त दिसतात. आणि मागून गाडीने उडवलं तर पोलिसांकडून काय मागायचं?

पाना-पक्कड:
बॅटरीचं मी सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम २(यू): मोटरची ३० मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. पायडलला जोड देणारी सायकल असेल तर २५ चा वेग येताच किंवा पाय थांबताच मोटर बंद पडली पाहिजे. हे सगळं पुण्याच्या एआरएआयसारख्या तपासणी संस्थेने प्रमाणित केलेलं असेल तरच ती मोटार वाहन नाही. प्रमाणपत्राची प्रत जवळ ठेवा.

३५० वॅटचं किट आणून साध्या सायकलीला बसवलं की ती सूट गेली. मग परवाना नसल्याचे ५,००० (मोटार वाहन कायदा कलम १८१), विमा नसल्याचे २,००० (कलम १९६), आणि वर काळा कोट म्हणाले ते कलम २०७ सुद्धा लागतं. किट विकणारा हे सांगत नाही.

काळा कोट:
अपघाताचं थोडक्यात. ११२ ला फोन करा, गाडीचा नंबर घ्या, सायकल जागची हलवण्यापूर्वी फोटो काढा. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांत पोलिसांना ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्याची प्रत मागा. 'सायकलवालाच मध्ये आला' अशी परस्पर तडजोड ठाण्यात लिहून देऊ नका, पुढे दाव्यात तोच कागद समोर येतो. दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा (मोटार वाहन कायदा कलम १६६). गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर त्याच कायद्याच्या कलम १६१ ची योजना: मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांकडे. मोडलेली सायकल मुद्देमाल म्हणून ठेवतात, तिचाही सुपुर्दनामा होतो. पंचनाम्यात मागच्या दिव्याची आणि रिफ्लेक्टरची स्थिती लिहायला लावा. विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.

मांडवीकर:
भरपूर झालं. पुढच्या बाजूला कागद, दिवा आणि पावतीची ओळ, मागे चोरी आणि अपघात, असं बसवतो. फ्रेम नंबरसाठी रिकामी चौकट ठेवतो. बिनबिलाच्या सायकलीला मालकी कशी दाखवायची?

निवृत्त फौजदार:
सायकलसोबत माणसाचा फोटो, फ्रेम नंबर आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या असलेलं साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र. तारीख चोरीच्या आधीची पाहिजे, म्हणून आत्ताच करून ठेवायला सांगा.