भाडेकरू निघाला, आता त्याच्याकडून नेमकं काय वसूल होतं?

शिरोड्याचा मास्तर
परवा इथे 'म्हापसा मार्केट' यांनी लिहिलं, "खटला जिंकलात ना? मग रंग, वकील, दलाली, घर रिकामं राहिलं ते महिने, सगळं त्याच्याच माथी मारा. डिपॉझिट परत द्यायचा प्रश्नच नाही." खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. राहवत नाही म्हणून लिहितोय, कारण हाच सल्ला ऐकून मी एकदा हात पोळून घेतलाय.

फोंड्यात माझा फ्लॅट. भाडं 9,000, डिपॉझिट 30,000. भाडेकरूने 14 महिने भाडं थकवलं. हुकूम माझ्या बाजूने झाला, त्याने अपील केलं आणि आणखी 8 महिने तिथेच राहिला. किल्ली हातात आली तेव्हा ओट्याचा कडप्पा मधोमध चिरलेला, सिंकखालचं कपाट फुगून पुठ्ठ्यासारखं झालेलं, आणि न्हाणीतला गीझर गायब. भिंतीत नुसते चार स्क्रू.

थकलेले 1,26,000 मान्य झाले, त्यातून डिपॉझिट वजा. गीझरचे पैसे मिळाले, कारण वॉरंटी कार्डाला टाचलेलं बिल कपाटात सापडलं. ओट्याचे नाहीत. तो आधीपासून चिरलेला नव्हता हे दाखवायला माझ्याकडे एक फोटो नव्हता. शेवटच्या 8 महिन्यांसाठी मी महिना 15,000 मागितले, मिळाले जुन्या दराने 9,000च, कारण शेजारच्या फ्लॅटचं भाडं किती याचा एकही करार मी पुढे ठेवला नव्हता. वकिलाला 65,000 दिले, कोर्टाने खर्चापोटी 4,000 च्या आसपास दिले. रंग आणि दलाली, शून्य. हुकूम म्हणजे चेक नव्हे.

म्हापसा मार्केट
मास्तर, तुमच्या वकिलाने केस नीट मांडली नाही त्याचं खापर माझ्या सल्ल्यावर फोडू नका. घर माझं, कर्जाचा हप्ता माझा, घरपट्टी मी भरतो. माझ्या करारात स्पष्ट लिहिलंय की सोडताना रंगाचे 25,000 कापणार. खाली त्याची सही आहे. विषय संपला.

कोर्ट जंक्शन
संपला नाही. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. त्याच्या आत वाजवी भरपाई तेवढी मिळते. खर्च 12,000 झाला असेल तर 25,000 कसे घ्याल? आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 108: करारात वेगळं काही नसेल तर भाडेकरूने घर होतं तसं परत द्यायचं, पण वाजवी वापराने झालेली झीज सोडून. चार वर्षांत फिका पडलेला रंग ही झीजच.

वाढीव दराचं मास्तरांचं मागणं मात्र चूक नव्हतं. आत्माराम प्रॉपर्टीज विरुद्ध फेडरल मोटर्स या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2004 मध्ये सांगितलंय की भाडे नियंत्रण कायद्याखालीसुद्धा बेदखलीचा हुकूम झाल्यापासून बाजारभावाने भरपाई लागू शकते. अपिलात स्थगिती हवी तर ती भरपाई भरायची अट भाडेकरूला घालता येते. पण बाजारभाव शाबीत करायचा तो मालकाने.

पर्वरीची भाडेकरू
रंगाचं नाव निघालंच आहे तर माझं ऐका. डिपॉझिट 40,000. उत्तरेची भिंत जूनपासून गणपतीपर्यंत ओली. मालकांना चार वेळा फोन केला, फोटो पाठवले. "गोव्याचा पाऊस आहे, बाई" हे उत्तर. कपाटात आईचा शालू होता, घडीवर हिरवी बुरशी, हात लावला तर जर सुटून आली. सोडताना त्यांनी रंगाचे म्हणून 22,000 कापले. ती ओल मी माहेराहून आणली नव्हती! गच्चीची गळती मालकाची. शालूची भरपाई मला कोण देणार?

म्हापसा मार्केट
खिडक्या बंद करून आत कपडे वाळत घातले की भिंत ओली होतेच. गोव्यात मालक व्हा म्हणजे कळेल. इथे माणूस ठेवला की तो हलत नाही. आमच्या आजोबांनी एकाला दया म्हणून भाटात, म्हणजे आमच्या माडांच्या बागायतीत, झोपडी बांधू दिली, आज त्याची नातवंडं मुंडकार (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारे) म्हणून जमीन मागतात. सगळे कायदे भाडेकरूंचे.

पेडण्याची सून
मुंडकाराला भाडेकरू म्हणू नका. 1975 च्या मुंडकार कायद्याच्या व्याख्येतच आहे, घराचं भाडं देणारा मुंडकार होत नाही. माझ्या सासऱ्यांचे वडील भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, माडांना पाणी घालत होते, नारळ मोजून देत होते. घर बांधलं ते स्वतःच्या हाताने, चिरे स्वतः वाहून. त्याला 'दया' म्हणता?

म्हापसा मार्केट
जमीन कुणाची होती ते सांगा. आमच्या आजोबांची.

पेडण्याची सून
आणि घाम कुणाचा? मामलेदाराकडे तारखा घालून सासरे थकले. नोटीस आली की ते आधी देवासमोर ठेवतात, मग उघडतात. तुम्ही झोपडी म्हणालात त्या घरात तीन बाळंतपणं झालीत.

म्हापसा मार्केट
भावनेने जमिनीचे निकाल लागत नाहीत, ताई. आमच्या आजोबांनी तो तुकडा विकून आत्याचं लग्न करायचं ठरवलं होतं. नाही विकता आला. लग्न कर्जात झालं.

डिचोलीकर
दोघांनीही आवाज खाली घ्या. दोन्ही घरांची ओढाताण खरी आहे, पण तो मामलेदारांपुढचा विषय, हा रेंट कंट्रोलर आणि दिवाणी कोर्टाचा. मला एवढंच सांगा, रिकाम्या महिन्यांचं भाडं मिळतं का? माझा भाडेकरू मार्चमध्ये गेला आणि घर ऑगस्टपर्यंत पडून होतं.

कोर्ट जंक्शन
ताबा तुमच्याकडे आला की भाड्याचं मीटर थांबतं. त्याने केलेल्या नुकसानीच्या दुरुस्तीत महिना गेला तर त्या महिन्यापुरतं मागता येईल, गवंड्याची बिलं तारखेसह लावून. नवं गिऱ्हाईक मिळेना म्हणून पडून राहिलं ते मिळायचं कठीण. नुकसान कमी करायला तुम्ही काय केलंत हे करार कायद्याच्या कलम 73 खाली बघतात. आणि थकबाकीचा दावा 3 वर्षांच्या आत घाला.

म्हापसा मार्केट
ठीक, रंगाचे 25,000 सोडले. पटलं म्हणून नाही, माझ्याकडे रंगाऱ्याचं बिलच नाही म्हणून. वीजबिलाचं तरी बोला. मीटर माझ्या नावावर, तो 7,300 ठेवून गेला. न भरलं तर वीज माझी तोडणार.

शिरोड्याचा मास्तर
ते मिळतं. किल्ली घेताना मीटरचा आकडा दोघांनी मिळून लिहिला असेल, सही असेल, तर वादच नाही. मला त्या बाबतीत पूर्ण पैसे मिळाले. आणि कुलूप बदलून, सामान बल्कांवावर (दारापुढच्या ओसरीवर) काढून वसुली करायला जाऊ नका. कायदेशीर मार्ग सोडून काढलेला माणूस 6 महिन्यांत दावा घालून ताबा परत घेऊ शकतो, मग हिशोब उलटा फिरतो.

पर्वरीच्या ताई, त्या 22,000 चं रंगाऱ्याचं बिल मालकांकडे लेखी मागा. ओलीचे फोटो आणि फोनच्या तारखा सोबत जोडा. घर सोडून किती दिवस झाले?

पर्वरीची भाडेकरू
अडीच वर्षं. फोटो जुन्या मोबाइलमध्ये आहेत, स्क्रीन फुटलीय पण चालू होतो. आजच चार्जिंगला लावते.