दक्षिण आफ्रिकेला शिकारीसाठी स्वतःची रायफल न्यायची आहे: साताऱ्याहून काय काय करावं लागेल?

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

नमस्कार मंडळी. जूनच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतात सात दिवसांची शिकार ठरते आहे. कुडू, इम्पाला, जमलं तर गेम्सबॉक, म्हणजे तिथली हरणवर्गातली जनावरं. शिकार तिथल्या परवानाधारक आउटफिटरबरोबर (शिकारीची सगळी सोय करणारा), खासगी रानात. माझ्याकडे परवान्यावर दोन हत्यारं आहेत: एक .३०-०६ बोल्ट अॅक्शन रायफल, जुनी परदेशी बनावटीची, वारसाने नावावर झालेली, दुसरी .३१५ बोअर. परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाचा, वैधता महाराष्ट्र राज्य, मुदत पुढच्या ऑगस्टपर्यंत. प्रवास मुंबईहून, मध्ये एक थांबा घेऊन जोहान्सबर्ग.

प्रश्न असे:
१. भारतातून रायफल बाहेर न्यायला वेगळा निर्यात परवाना लागतो का?
२. दोन्हीपैकी कोणती न्यावी?
३. जोहान्सबर्ग विमानतळावर नेमकं काय होतं?
४. परत येताना मुंबईत कस्टम्सवाले अडवतात का?

मेहुणे बरोबर आहेत, पण त्यांच्याकडे परवाना नाही.

---

कृष्णाकाठ_३७५ (कराड)

दादा, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्यावर बाकीचं ठरतं. .३१५ घरी ठेवा. हे काडतूस मुळात जुन्या ८ x ५० मॅनलिखरवर बेतलेलं आहे आणि भारताबाहेर त्याला कोणी विचारत नाही. तुमची काडतुसांची बॅग मागे राहिली तर लिम्पोपोच्या एकाही दुकानात त्याचा डबा मिळणार नाही. .३०-०६ चं तसं नाही. १८० ग्रेन वजनाची गोळी साधारण ३९०० ज्यूल ऊर्जेने निघते. तुलनेसाठी नामिबियाचा कायदा पाहा: कुडू, गेम्सबॉक, एलँडसाठी तिथे किमान २७०० ज्यूल मागतात, आणि आफ्रिकी रानरेडा, हत्ती, सिंह यांच्यासाठी ५४००. म्हणजे तुमच्या यादीतल्या सगळ्या जनावरांना .३०-०६ भरपूर झाली. रेड्याचा विचार मनात आला तर मात्र .३७५ च्या खाली बोलूच नका.

आता पहिला प्रश्न. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १० वाचा. भारतात हत्यार आणायला किंवा बाहेर न्यायला परवाना लागतो, हा मूळ नियम. पण त्याच कलमाच्या परंतुकात लिहिलंय की ज्याच्याकडे हत्यार बाळगायचा कायदेशीर अधिकार आहे, तो स्वतःच्या खासगी वापरासाठी ते हत्यार आणि वाजवी प्रमाणात काडतुसं वेगळ्या परवान्याशिवाय नेऊ-आणू शकतो. बरेच जण एवढंच वाचून थांबतात. पुढचं पोटकलम २ म्हणतं की या सवलतीबद्दल, प्रमाणाबद्दल किंवा वापराबद्दल कस्टम्सच्या अधिकाऱ्याला शंका आली, तर केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत तो हत्यार अडकवून ठेवू शकतो. तुमचं विमान रात्री दोनला, आणि आदेश दिल्लीतून. तेव्हा शंकेला जागाच ठेवायची नाही.

त्यासाठी निदान चार-पाच महिने आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत अर्ज द्या. अर्जात देश, तारखा, विमानाचा मार्ग, रायफलचा नंबर, काडतुसांची संख्या आणि परत आणण्याची हमी लिहा. सोबत आउटफिटरचं निमंत्रणपत्र, पासपोर्ट आणि परवान्याची प्रत जोडा. ना हरकत पत्र इंग्रजीत मागून घ्या. ते हाती आलं की त्याची प्रत जोडून मुंबई विमानतळाच्या कस्टम्स आयुक्तांच्या नावे आगाऊ पत्र द्या आणि पोच घ्या. ती शिक्क्याची पोच खिशात असली की काउंटरवरचं बोलणं बदलतं.

परवान्यावरचा हेतूही बघा. आपल्याकडे पाटण, जावळी, शिराळा भागात पुष्कळ परवाने पीक संरक्षणाचे आहेत. त्या हेतूवर घेतलेलं हत्यार परदेशी शिकारीला नेतो म्हटलं की फाइल तिथेच आडवी पडते.

---

मिरज_जंक्शन (मिरज)

वरचं सगळं बरोबर. फक्त दोन गोष्टी जोडतो, आपल्या जिल्ह्यांत याच नडतात.

पहिली, निवडणूक. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश निघतो. झेडपी, पंचायत समिती, नगरपालिका, विधानसभा, काही ना काही चालूच असतं. जायच्या पंधरा दिवस आधी रायफल ठाण्यात गेली तर ती निकाल लागेपर्यंत हलत नाही. सूट देण्याचा निर्णय छाननी समितीकडे असतो. ना हरकत पत्र आणि तिकीट जोडून लगेच अर्ज टाका, तोंडी सांगण्यावर राहू नका.

दुसरी, नंबर. जुन्या वारसाच्या रायफलींत हा घोळ हमखास निघतो. परवान्यावर कारकुनाने हाताने लिहिलेला नंबर वर्षानुवर्षं तसाच पुढे उतरत आलेला असतो. रायफलचा बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग) काढून ती खिडकीपाशी न्या, भिंग घ्या. रिसीव्हरवरचा (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यावरचा) नंबर, नळीवरचा नंबर आणि बोल्टच्या दांड्यावरचा नंबर वेगवेगळे उतरवून घ्या. कधी पुढचं इंग्रजी अक्षर परवान्यावर नसतं, कधी ३ चा ८ झालेला असतो, कधी अर्धा नंबर स्कोपच्या (दुर्बिणीच्या) माउंटखाली दडलेला असतो. भारतात यावर कोणी बोट ठेवत नाही. जोहान्सबर्गला पोलीस रायफल हातात घेऊन अक्षर न् अक्षर जुळवतात. दुरुस्ती गृह शाखेतूनच होते आणि त्याला पडताळणीचा वेळ लागतो, म्हणून हे सगळ्यात पहिलं काम. परवान्यावर मराठी शेरे असतील तर त्यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून ठेवा.

आता तिसरा प्रश्न. दक्षिण आफ्रिकेत हत्याराच्या तात्पुरत्या आयातीचा तिथल्या पोलिसांचा फॉर्म आहे, एसएपीएस ५२०. काळ्या शाईने भरायचा. सही आधी करायची नाही, ती अधिकाऱ्यासमोरच करायची. घरून सही करून नेलेला फॉर्म परत लिहायला लावतात. जोडायचे कागद: पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाची प्रत, परतीचं तिकीट, शस्त्र परवान्याची साक्षांकित प्रत, भारतातलं ना हरकत पत्र, आउटफिटरचं निमंत्रण आणि ही रायफल कशासाठी हवी याचं तुमच्या सहीचं पत्र. निमंत्रणात तारखा, रानाचा पत्ता आणि जनावरं असावीत. वय २१ पूर्ण हवं. एका बोअरची एकच रायफल आणि एका हत्यारामागे २०० पर्यंत काडतुसं, तीही त्याच बोअरची.

जोहान्सबर्गच्या ओआर टॅम्बो विमानतळावर रायफल नेहमीच्या पट्ट्यावर येत नाही. ती पोलिसांच्या शस्त्र कार्यालयात जाते, तिथे रांग लावून परवाना घ्यायचा. एकाच वेळी दोन-तीन विमानं उतरली तर तास-दोन तास सहज जातात. तिथले एजंट फी घेऊन आधीच मंजुरी काढून ठेवतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने ते पैसे द्यावेत असं माझं मत आहे. पुढे लिम्पोपोतल्या पोलोक्वानेचं विमान पकडणार असाल तर मध्ये चार तास ठेवा. सोपं म्हणजे आउटफिटरची गाडीच जोहान्सबर्गला बोलवा.

---

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

फार उपयोगी माहिती, आभारी आहे. नंबर आजच बघितला. परवान्यावर आणि रिसीव्हरवर एकच आहे, नळीवर मात्र काहीच नाही. चालेल का? आणि विमान कंपनीचं कसं? निम्मी काडतुसं मेहुण्यांच्या बॅगेत टाकली तर वजन वाटलं जाईल का?

---

कृष्णाकाठ_३७५ (कराड)

मेहुण्यांच्या बॅगेत एकही काडतूस नको. त्यांच्याकडे परवाना नाही, म्हणजे मुंबईतच शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा. कोटाच्या खिशात राहिलेलं एक जुनं काडतूससुद्धा एक्स-रेमध्ये दिसतं, त्यामुळे शिकारीचे जुने कपडे भरण्याआधी सगळे खिसे उलटे करा. दक्षिण आफ्रिकेतही रायफल तुमच्याच नावाच्या परवान्यावर असेल. मेहुण्यांना शिकार करायची असेल तर त्यांच्यासाठी आउटफिटरची रायफल भाड्याने घ्या.

तसंही वजनाचा प्रश्न येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमाने एका प्रवाशाला पॅकिंगसह ५ किलोपर्यंत काडतुसं चेक-इन बॅगेत चालतात, तीही कंपनीने मंजूर केल्यावर. .३०-०६ चं एक काडतूस साधारण २७-२८ ग्रॅम, म्हणजे ६० काडतुसं पावणेदोन किलोच्या आसपास. सात दिवसांना ४० पुरतात, ६० म्हणजे डोक्यावरून पाणी. नेणार तेवढी परवान्यावरच्या मर्यादेत आहेत ना, तेही बघून घ्या. मूळ कारखान्याच्या डब्यातच ठेवा, सुटी किंवा मॅगझिनमध्ये नाही. तो डबा छोट्या कुलपाच्या पेटीत आणि पेटी कपड्यांच्या बॅगेत. रायफलच्या केसमध्ये काडतुसं ठेवू नका. काही कंपन्यांना चालतं, पुढच्या विमानतळावर चालत नाही.

नळीवर नंबर नसेल तर अर्जात तसं लिहा: नंबर फक्त रिसीव्हरवर आहे. फोटो जोडा.

---

येरळाखोरे (विटा)

विमान आणि पॅकिंगबद्दल लिहितो.

तिकीट काढण्याआधी कंपनीला ईमेल करा आणि लेखी मंजुरी घ्या. फोनवरचं ‘हो सर, चालतं’ काउंटरवर कामाचं नाही. एकाच तिकिटावर जोहान्सबर्गपर्यंत थेट बॅग गेली पाहिजे. वेगवेगळी दोन तिकिटं काढली तर मधल्या देशात बॅग उचलून परत टाकावी लागते, म्हणजे त्या देशात हत्यार आयात केल्यासारखंच, आणि त्याचा परवाना तुमच्याकडे नसतो. थेट बॅगेलाही काही शहरांत आगाऊ मंजुरी लागते. नैरोबीमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तरी त्या देशाची मंजुरी आधी विचारा. केनियात १९७७ पासून शिकार बंद आहे आणि खासगी हत्याराकडे तिथले अधिकारी वेगळ्या नजरेने बघतात.

केस कडक प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनियमची, कुलपाच्या किमान दोन जागा असलेली. कुलपं लावल्यावर कोपरा बोटाने उचलून बघा. फटीतून बोट आत गेलं तर केस नापास. बोल्ट काढून त्याच केसमध्ये वेगळ्या फडक्यात गुंडाळा. किल्ल्या तुमच्याजवळ, बॅगेत नाहीत.

जूनमध्ये निघताय म्हणजे मुंबईत पाऊस, हवेत ओल. फोम ती ओल धरून ठेवतो, आणि बारा-पंधरा तासांत जुन्या ब्लूइंगवर (पोलादावरच्या निळसर-काळ्या थरावर) तांबूस ठिपके उमटतात, विशेषतः फोमला टेकलेल्या बाजूवर. नळीला आतून-बाहेरून तेलाचा पातळ हात, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, आणि मुक्कामी पोचताच केस उघडून रायफल बाहेर. झाडण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीने काढा, नाहीतर पहिली गोळी भलतीकडे जाते.

स्कोपच्या रिंगचे स्क्रू टॉर्क रेंचने १५ ते २० इंच-पाउंडांवर, बेसचे २० ते २५ वर. हाताच्या अंदाजाने आवळलेले स्क्रू प्रवासाच्या धक्क्यांनी सरकतात, आणि फार आवळले तर स्कोपची नळी चेपते. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर आणि बेसवर मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, हे उघड्या डोळ्यांना कळतं. तिथे पहिल्या दिवशी १०० मीटरवर तीन गोळ्या झाडून झिरो तपासा, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते का ते बघा. आउटफिटरच घाई करत असला तरी हे सोडू नका.

जायच्या आधी इथे शेतात झाडून बघायचा विचार कोणी करू नये. सागरेश्वरच्या किंवा कोयना-चांदोलीच्या बाजूला रायफलचा आवाज आला की वन विभाग आणि पोलीस दोघेही येतात, आणि अभयारण्यात हत्यार घेऊन शिरणं हाच वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली गुन्हा आहे. मान्यताप्राप्त रेंजवरच जा, आणि .३०-०६ चालते का हे आधी फोन करून विचारा. बहुतेक रेंज .२२ पुरत्याच असतात.

---

मिरज_जंक्शन (मिरज)

चौथा प्रश्न राहिला, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त काळजी तिथेच घ्यायला हवी.

मुंबईहून निघताना चेक-इनच्या आधी कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. त्यावर रायफलची बनावट, बोअर, नंबर, स्कोपची बनावट व नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून शिक्का. हा कागद नसेल तर परत येताना रायफल परदेशातून आणलेली धरली जाते. बॅगेजच्या शुल्कमाफीत बंदूक येतच नाही, ५० हून जास्त काडतुसंही नाहीत. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात बंद असल्याने तुमच्यासारखी जुनी परदेशी रायफल इथे किती मोलाची आहे, हे कस्टम्सला ठाऊक आहे. उरलेली काडतुसं आणायची असतील तर मोजून आणि त्या कागदाशी जुळवून. सोपं म्हणजे उरलेली तिथेच आउटफिटरच्या ताब्यात देऊन पावती घ्या.

येताना लाल चॅनल, म्हणजे सामान जाहीर करायची रांग. जोहान्सबर्गच्या पोलिसांचा बाहेर पडतानाचा शिक्काही जपून ठेवा. घरी पोचल्यावर ना हरकत पत्राच्या अटीप्रमाणे गृह शाखेला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवा.

परवान्याची मुदत ऑगस्टपर्यंत म्हणताय. जून-जुलैत तुम्ही बाहेर, म्हणजे नूतनीकरणाचा अर्ज जायच्या आधीच टाका आणि पोच सोबत ठेवा.

शिंगं, कातडी, दात काहीही बॅगेत आणू नका. साइट्स (CITES, वन्यजीव व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) याच्या यादीतल्या प्राण्याला दोन्हीकडचे कागद लागतात, आणि भारतात वन्यप्राण्यांचे भाग आणण्याबाबत धोरण इतकं कडक आहे की विमानतळावर ते जप्त होऊन वर चौकशी लागते. आउटफिटरला निमंत्रणपत्रातच लिहायला सांगा की ट्रॉफी (शिंगं-कातडी) तिथेच राहणार.

---

कृष्णाकाठ_३७५ (कराड)

एक विचार मांडतो, पटला तर घ्या. सात दिवसांसाठी एवढा खटाटोप करण्याआधी आउटफिटरला त्यांच्या रायफलचं दिवसाचं भाडं विचारा. स्वतःच्या हाताची, स्वतःच्या खांद्याला बसलेली रायफल ती स्वतःचीच, हे मान्य. पण वारसाची रायफल मधल्या विमानतळावर हरवली तर तशी दुसरी इथे मिळणं महाकठीण. ना हरकत पत्र मार्चअखेरपर्यंत हाती आलं नाही, तर भाड्याची रायफल पक्की करा, आणि तसं आउटफिटरशी आत्ताच बोलून ठेवा, कारण जून-जुलै त्यांचा गर्दीचा हंगाम असतो.

---

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

पटलं. सोमवारी गृह शाखेत अर्ज देतो, आणि आउटफिटरला भाड्याची .३०-०६ राखून ठेवायला आजच कळवतो.