मदत हवी आहे : पाच किलोमीटर उंचीवरचा हा ओलावा येतो कुठून?

मे महिन्यात पहाटे वेताळ टेकडीवर गेलं की पुण्याच्या कोरड्या आभाळात कधीकधी उंचावर खवल्याखवल्यांचे ढग दिसतात. अशाच एका दिवशी पहाटे साडेपाचच्या हवामान-बलूनने वर जाताना केलेल्या नोंदींचा आलेख काढला. तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते तो) यांच्या रेषा तीन किलोमीटर उंचीवर एकमेकींपासून लांब, पाचच्या आसपास जवळजवळ चिकटलेल्या, वर पुन्हा फाकलेल्या. कोरड्या हवेत मधेच ओला थर!

मला कळलंय ते असं : उष्ण कटिबंधात शून्य अंशाची पातळी साधारण पाच किलोमीटरवर असते. तिथे बर्फ वितळताना हवा थंडावते, स्थिर थर बनतो आणि उंच ढगांतली बाष्पयुक्त हवा त्या उंचीवर आडवी पसरते. शिवाय ओल्या थराचा माथा उष्णता उत्सर्जित करून गार होतो, त्याचाही हवेच्या अभिसरणावर परिणाम होतो.

पण पुण्यावरचा थर बंगालच्या उपसागरावरून वाहत आला की जवळच्या वळवाच्या ढगांनी मागे सोडला, हे ओळखायचं कसं? हवेचा मागचा प्रवास काढायला ‘ईआरए-५’ (जगभरच्या जुन्या हवामानाची संगणकाने जुळवलेली नोंद) वापरतेय, पण त्या उंचीवर तिच्यातल्या दाब-पातळ्या ५० हेक्टोपास्कलच्या (हवेच्या दाबाचं एकक) अंतरावर आहेत. पातळ थर त्यात पुसला जात असणार. कुणी हे काम केलंय का? मनापासून मार्गदर्शन हवंय.